किसनमामांची मिशी आणि माझा महारथी

चहा सगळ्यांना मिळाला का? मग सांगतो. हा किस्सा रिकाम्या कपानं ऐकायचा नाही, मधेच उठावंसं वाटतं. चुका माणसाच्याच हातून होतात, माझ्या हातून जरा जास्त होतात. पण ह्या एका चुकीपायी आमच्या इचोडा गावात मला भर गल्लीत मार पडता पडता राहिला. आणि चूक केवढी? चार बोटं उंच! हातात धनुष्य घेऊन रथात उभी असलेली!

हायवेला लागून माझं फोटो फ्रेमचं दुकान आहे, ते तुम्हाला ठाऊकच आहे. देवांचे, लग्नातले, गेलेल्या माणसांचे, सगळे फोटो मी चौकटीत बसवतो. पण हाताला खरी खाज मूर्तिकामाची. लहानपणी पोळ्याला गल्लीभर मातीचे बैल करून वाटायचो. आता मातीच्या जागी पुट्टी आली. नळवाले गळक्या पाइपाला लावतात ना, तीच. दोन गोळे एकत्र मळले की हळदीसारखा पिवळा रंग येतो आणि घटकाभरात तिचा दगड होतो.

माझ्या ह्या बारक्या मूर्तींचे फोटो बघून हैदराबादच्या एका कंपनीनं मला काम दिलं. ही कंपनी डब्यात सुटे भाग भरून विकते. हात वेगळे, पाय वेगळे, चाकं वेगळी. लोक ते घरी नेऊन चिकटवतात, रंगवतात आणि काचेच्या कपाटात ठेवतात. पोरं नाही हो, चांगली चष्मे लागलेली माणसं! त्यांना हवा होता प्राचीन काळचा एक योद्धा आणि दोन घोड्यांचा रथ. पहिला नमुना मी घडवायचा, मग त्यावरून साचे काढून हजारो डबे निघणार.

हसू नका. मी हे काम फार गंभीरपणे घेतलं. आमच्या भागातून ट्रक जातात, कापूस जातो, सागवान जातं. पण इचोड्याच्या माणसानं घडवलेला महारथी जगभर गेला, असं कधी ऐकलंय? मीच स्वतःला तीनतीनदा हे ऐकवायचो.

कंपनीनं लिहिलं होतं, योद्धा वयस्क हवा, लढायांत मुरलेला, चेहरा करारी. मी डोळे मिटले आणि समोर आले आमचे किसनमामा.

किसनमामा म्हणजे माझे शेजारी. आमच्यात भिंत एकच. रक्तानं मामा नाहीत, पण माझे वडील गेले तेव्हा मी बालवाडीत होतो, आणि तेव्हापासून मला जत्रेला नेणारा, सायकल शिकवणारा, शाळेत मास्तरांपुढे उभा राहणारा माणूस तो एकच. गावाच्या कडेला त्यांची वांगी-मिरचीची वाडी आहे. आणि मिशी! पांढरीशुभ्र, दोन्ही गालांवरून कानांच्या भेटीला निघालेली. अशी मिशी देवानं वांगी तोडण्यासाठी दिलेली नसते, ती रथासाठीच असते.

आता सरळ जाऊन सांगायचं की नाही, ‘मामा, तुमचा चेहरा घेतोय’? पण नाही! मला त्यांना चकित करायचं होतं. तयार डबा त्यांच्या हातात ठेवायचा आणि त्यांचं तोंड बघायचं. इथंच माशी शिंकली.

कारण महिनाभर आधी आमचं एक भांडण झालं होतं. भांडण कसलं, माझीच चिडचिड. मामांच्या अंगणातला शेवगा भिंतीवरून माझ्याकडे वाकलेला. त्याच्यावरचे सुरवंट टपाटप माझ्या अंगणात पडायचे. एक सुरवंट माझ्या अर्ध्या घडलेल्या घोड्याच्या पाठीवर चढला आणि मी भिंतीशी जाऊन ओरडलो, “मामा, ह्या झाडाचं काई तरी करा, नाईतर मलेच काई करा लागन!”

गल्लीनं ऐकलं. मी विसरलो. गल्ली कशी विसरेल?

मामा दुपारी त्याच शेवग्याखाली खाटेवर झोपत. मी भिंत ओलांडून गेलो, हातात दोरा. नाकाच्या शेंड्यापासून हनुवटीपर्यंत किती, कपाळ किती रुंद, मानेचा घेर किती, सगळं दोऱ्यानं मोजून गाठी मारत होतो. तेवढ्यात गिरजामामी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. झोपलेल्या नवऱ्याच्या मानेभोवती शेजारच्या पोराच्या हातातला दोरा बघून त्या जागीच थांबल्या.

“काय करून राह्यला रे सुऱ्या?”

“काई नाई मामी. मुंगी होती.”

दोऱ्यानं मुंगी कोण काढतं? पण मला वाटलं, किती हुशारीनं वेळ मारून नेली!

मग घोडे. डब्यावरच्या फोटोसाठी मला घोड्यांना खऱ्या केसांची शेपटी लावायची होती. घोडे पांढरे. पांढरे केस पाहिजेत, आणि आमच्या इचोड्यात साठीच्या पुढचा प्रत्येक माणूस कलप लावतो. कलप न लावणारं डोकं एकच. मी राजन्नाच्या कटिंगच्या दुकानात गेलो.

“राजन्ना, किसनमामा कटिंगले आले का थोडे केस ठेवजो बरं माह्यासाठी.”

राजन्नाचा वस्तरा थांबला. “मामाचे केस? काऊन?”

“काम हाय. आन दुसऱ्या कोणाचे देऊ नको. मामाचेच पायजे.”

दोन दिवसांनी त्यानं कागदात पुडी बांधून, चिमटीनं धरून मला दिली. चिमटीनं का, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण मी तिथल्या तिथं पुडी उघडून केसांची चमक बघण्यात गुंग!

आता कामाची रीत सांगतो. योद्धा आधी अख्खा घडवायचा आणि मग कापायचा. मान वेगळी, दंड वेगळे. डावा पाय गुडघ्यापासून वेगळा, कारण तिथं धोतराच्या घोळाखाली सांधा लपतो. कुठं कापायचं तिथं लाल पेन्सिलीची रेघ ओढायची. आणि तुकडे परत नेमके बसावेत म्हणून प्रत्येक सांध्यात टाचणी रोवायची. ही कामाची रीत आहे, माझी करणी नव्हे. हाच शब्द पुढे येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

एका सकाळी मी सगळे तुकडे कडक उन्हात वाळवायला भिंतीवर मांडले. पिवळं धड. पिवळे हात. गळ्यावर लाल रेघ. गुडघ्यात टाचणी. बाजूला मिशीवालं मुंडकं. आणि त्याच्याशेजारी दोऱ्यानं बांधलेली पांढऱ्या केसांची जुडी. वर त्या दिवशी अमावास्या होती. कंपनीच्या कागदात तिथी लिहिलेली नव्हती, माझा काय दोष?

गिरजामामी विरजणाची वाटी परत द्यायला आल्या. भिंतीशी आल्या, आणि वाटी त्यांच्या हातातून सुटली.

मी आतून धावत आलो. माझी काळजी एकच, टाचणी हलायला नको! म्हणालो, “मामी, हात नका लावू! आजून पुरं झालं नाई. पुरं झालं का मामाले कळनच.”

मामी पदर तोंडाशी धरून निघून गेल्या. मला वाटलं, कला बघून गहिवरल्या.

आणि नेमकं त्याच संध्याकाळी मामांना ताप भरला. डावा गुडघा सुजून टम्म झाला. तेव्हा सांधेदुखीचा ताप अर्ध्या इचोड्यात घरोघर फिरत होता, सरकारी दवाखान्यात उभं राहायला जागा नव्हती. पण अर्ध्या इचोड्याच्या पिवळ्या मूर्ती माझ्या भिंतीवर वाळत नव्हत्या ना!

माझी बायको शोभा तेव्हा बोथ गावाला माहेरी गेली होती. ती असती तर तिनं मला तिथंच कपाळाला हात लावून सांगितलं असतं. घरात मी एकटा, आणि एकट्या माणसाला स्वतःचं मोठेपण फार लवकर पटतं.

दुसऱ्या दिवसापासून गावाचं वागणं बदललं. मी चहाच्या टपरीवर गेलो तर बाकावरची माणसं उठून उभी राहिली! अख्खा बाक मला मोकळा. राजन्नानं माझी दाढी सगळ्यांच्या आधी केली. गल्लीत बायका पोरांना घेऊन बाजूला व्हायच्या. प्रत्येक दारावर नवं लिंबू आणि मिरच्या टांगलेल्या. मी मनात म्हटलं, बघा, एका माणसाचं नाव झालं की सगळ्या गल्लीला दृष्ट लागायची भीती वाटते.

मग एका सकाळी माझ्या उंबऱ्यावर नारळ. त्यावर हळदकुंकू, शेजारी लिंबू. आता सत्काराला नारळच देतात ना? कुणीतरी लाजाळू माणूस गुपचूप मानाचा नारळ ठेवून गेला, असं समजून मी तो फोडला, गुळाशी खाल्ला आणि लिंबाचं सरबत केलं. समोरच्या घरातून दोन डोळे हे सगळं बघत होते. त्यानंतर तर लोक माझ्या सावलीवरही पाय देईनात.

मामांकडे मी गेलो नव्हतो. तोंडातून रथाचं गुपित फुटेल ही धास्ती! ताप आहे एवढं कानावर होतं. मी म्हटलं, डबा घेऊनच जाऊ, ताप पळेल.

शेवटी निरोपच आला, मामांनी बोलावलंय, सगळी गल्ली बसली आहे. मी इस्त्रीचा शर्ट घातला. हो, खोटं कशाला बोलू? मला वाटलं, सत्कार.

त्यांच्या अंगणात पाय टाकला आणि पहिल्यांदा काहीतरी खटकलं. अंगण भलतंच उजेडाचं वाटत होतं. शेवगा नव्हता. बुंध्यापासून तोडलेला, फांद्या कडेला रचलेल्या, पानं कोमेजलेली. खाट आता पडवीत होती. मामा तिच्यावर टेकून बसलेले, गाल आत गेलेले, मिशी खाली उतरलेली. भोवती गल्लीतली माणसं.

मामा म्हणाले, “बस सुऱ्या. मले खरं सांगजो. ते पिवळं माह्याच चेहऱ्याचं केलं का तू?”

गुपित फुटलेलंच होतं. मी छाती काढली. “हो मामा! पुऱ्या आदिलाबाद जिल्ह्यात तुमच्यासारखा दुसरा चेहरा नाई.”

मामींनी हुंदका दिला.

“आन त्या टाचण्या?”

“त्या आतच राह्यतात. वरून कोणाले दिसत नाई.”

“किती हायेत?”

“एकेका सांध्यात एक. मानीतली जरा जाड हाय.”

मामांनी नकळत मानेला हात लावला. “आन आता त्याचं काय करणार?”

“काई नाई, आता हैदराबादले पाठवतो. तिथं गरम रस वततात त्याच्यावर, साचा काढतात. मंग तुमी हजारानं निघणार! देशोदेशीचे लोक तुमचे तुकडे घरी घेऊन जातीन!”

अहो, मी हे हसत हसत सांगत होतो! अभिमानानं! मागे कुणीतरी काठी आपटली. एक तरुण पोरगा उठलाच, “मामा, आता तरी आमाले नका अडवू!”

मामांनी हात वर केला. “खाली बस. त्याच्या आंगाले कोणी हात लावाचा नाई, हे म्या काल बी सांगितलं, आज बी सांगतो. बाप गेला तवा माह्या मांडीवर बसून होता तो.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “सुऱ्या, झाडाचा राग होता ना तुले? तोडलं बाप्पा. आता तुहा राग गेला असन तं तेवढ्या टाचण्या काढून टाक. लय दुखते रे.”

तेव्हा कळलं मला. दोरा, केस, लाल रेघ, मुंडकं, अमावास्या, नारळ. सगळं एकदम कळलं. ह्याच मातीत वाढलेला मी! कुणाच्या दारात केसांची गुंडाळी दिसली तरी लहानपणी आम्ही वळसा घालून शाळेत जायचो. आणि ह्या माणसाला आठवडाभर खरोखर वाटत होतं की मी त्याला मारायला निघालोय, आणि त्या आठवडाभर तो खाटेवरून मला वाचवत होता. मला रडू आलं. भर पंचांत, इस्त्रीच्या शर्टात, पोरासारखा रडलो.

“मामा, करणी नाई हो! खेळणं हाय ते! रथ हाय!”

कुणाचाच विश्वास बसेना. मी घरी धावलो, आणि मोठ्या परातीत सगळे तुकडे घालून आणले. परात बघून अर्धी गल्ली मागे सरली. मी मामांच्या समोर बसलो आणि जोडू लागलो. धडाला पाय लावले, दंडात हात बसवले, हातात धनुष्य. मानेत मुंडकं बसवताना मामींनी डोळे मिटले. मग चाकं, मग जू, मग घोडे आणि त्यांच्या पांढऱ्याशुभ्र शेपट्या. शेवटी योद्धा रथात चढवला आणि परात हळूच मामांच्या पुढ्यात सरकवली.

पहिल्यांदा राजन्ना पुढे झाला. शेपटीकडे बघत म्हणाला, “अय्यो! हे घोड्यासाठी होते का?”

आणि पहिल्यांदा कुणीतरी हसलं. मग लहानथोर सगळे वाकवाकून बघायला लागले. काठीवाला पोरगा सगळ्यांत पुढे! मामांनी चष्मा मागवला. शेवटी माझं भिंगही घेतलं. चिंचोक्याएवढा तो चेहरा, मामा तो कितीतरी वेळ न्याहाळत होते. मी म्हटलं, चला, निदान आता तरी त्यांना आपलं रूप दिसेल, एवढी फजिती झाली तिचं चीज होईल.

मामांनी आगपेटीतली काडी काढली. काडीचं टोक योद्ध्याच्या मिशीवर आडवं धरलं, मिशी झाकून टाकली. पुन्हा बघितलं. मग भिंग मामींना दिलं. मामींनी बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा भिंगात बघितलं.

“अवो,” मामी म्हणाल्या, “हा तं सुऱ्या हाय!”

“तेच तं,” मामा म्हणाले. “नाक त्याचं, डोळे त्याचे, ते चिडकं कपाळ बी त्याचंच. मिशी तेवढी माही हाय.”

भिंग गल्लीभर फिरलं. जो तो काडी धरून बघे आणि मान डोलवी. मी कासावीस होऊन सांगत होतो की मामांच्या तोंडावर राग कधी दिसतच नाही, म्हणून राग तेवढा मी दुकानातल्या आरशात स्वतःकडे बघून घेतला, बाकी सगळं दोऱ्यानं मोजलेलं आहे. कोण ऐकतो! त्या काठीवाल्या पोरानं सगळ्यांच्या वतीनं निकाल दिला, “म्हणजे ह्यानं सोताच्याच गुडघ्यात टाचणी ठोकली!”

मामा असे हसले की मामींना त्यांना धरावं लागलं. त्या दिवशी ते पोटभर भाकर जेवले. दोन दिवसांत गुडघ्याची सूजही ओसरली. ताप ओसरायचाच होता, पण गल्लीला काय सांगणार? शेवग्याचा बुंधा बघून मला मात्र आजही वाईट वाटतं. मी मामांची माफी मागितली, तर म्हणाले, “फुटन रे तो. शेवगा हाय, मानूस नाई.”

मी मामींना समोर बसवून अंधश्रद्धेवर चांगलं तासभर ऐकवलं. माणूस चंद्रावर गेला, टाचणीनं कुठं गुडघा दुखतो का, शिकलेल्या लोकांनी असं वागायचं नसतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला वांगी दिली.

त्याच आठवड्यात मला ताप आला. गुडघा धरला. कोणता म्हणता? डावा!

डॉक्टर म्हणाले, साथ आहे, सगळ्यांना होतंय. मीही तेच म्हणालो. शोभा माहेरून आली होती, तिलाही तेच सांगितलं. मग तिला चहा करायला आत पाठवलं, दार लोटलं आणि रथाचं पार्सल बांधायला घेतलं.

पंधरवड्यानं कंपनीचं उत्तर आलं. नमुना फार आवडला, चेहरा तर जिवंतच वाटतो. तक्रार एकच, योद्ध्याचा डावा पाय गुडघ्यात ठरत नाही. बाकी सगळ्या सांध्यांत टाचणी आहे, तेवढी तिथलीच घालायची राहून गेली का?

हो, राहून गेली, असंच मी कळवलं.